फायनल टेबलवरची वाकडी चाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यात रविवारी दुपारी आमची पोकरची एक बैठक बसते. ऐरोली-महापेच्या कंपन्यांतली पोरं, वाशीचे एक निवृत्त बँकवाले काका, घोडबंदर रोडवरून येणाऱ्या दोन डॉक्टर मैत्रिणी. प्लास्टिकच्या चिप्स, पैसा शून्य. डाव खेळायला तास-दीड तास लागतो, त्याची चिरफाड त्याहून जास्त चालते. मोठ्या टुर्नामेंटच्या फायनल टेबलचे, म्हणजे शेवटी उरलेल्या मोजक्या खेळाडूंच्या टेबलचे, व्हिडिओ पाहून येणारे लोक पुन्हा पुन्हा तेच विचारतात, "एवढे कोट्यवधी लागलेले असताना तो असा वेड्यासारखा का खेळला?" त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नो-लिमिट होल्डममध्ये कुठला हात कुणाला हरवतो आणि ब्लाइंड म्हणजे काय, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चाललोय.

वाकडी चाल म्हणजे नेमकी कुठली?

आधी सरळ चाल सांगतो. फ्लॉपच्या (टेबलवर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांच्या) आधी उघडायचं, म्हणजे पहिलं रेझ करायचं, तर दोन ते अडीच बिग ब्लाइंड. फ्लॉपवर पॉटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश बेट. स्टॅक (आपल्याजवळच्या चिप्स) छोटा झाला की ऑल-इन किंवा फोल्ड. याच्या बाहेरचं दिसलं की लोकांच्या भुवया वर जातात. बटणवरून (फ्लॉपनंतर शेवटी पाळी येणाऱ्या जागेवरून) नुसतं लिंप करणं (रेझ न करता फक्त ब्लाइंडइतकं भरणं), रेझ करणाऱ्याच्याच तोंडावर आधी बेट लावणं, टर्नला (चौथ्या पानाला) पॉटच्या दुप्पट टाकणं, एक चिप मागे ठेवून बाकी सगळं पुढे सारणं, ही वाकडी.

माझं मत विचाराल तर यातली निम्मी वाकडी नाहीतच. नेहमीची साइझिंग नेहमीची झाली ती एका अटीवर : प्रत्येक चिपेची किंमत सारखी. फायनल टेबलला ती अट उरत नाही. मग नेहमीची बेटही उरायचं कारण नाही. उरलेली निम्मी मात्र खरोखरच वाकडी असतात, कारण खेळणाऱ्याला विचारलं तर उत्तर येतं, "समोरच्याला गोंधळवायला." समोरचा गोंधळतोही, पण पुढच्या स्ट्रीटला (पुढचं पान उघडल्यावर) काय करायचं हे गोंधळवणाऱ्यालाही माहीत नसतं.

फायनल टेबलला असं काय बदलतं?

चिप्स आणि रुपये यांचं नातं. सगळ्या चिप्स जिंकल्या तरी सगळं बक्षीस मिळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्याचा वाटा जातोच. म्हणून जिंकलेली चिप ही गमावलेल्या चिपेपेक्षा नेहमी स्वस्त पडते. हे मोजायच्या सूत्राला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. त्याची मूळ कल्पना घोड्यांच्या शर्यतीत कोण कितवा येईल या हिशेबातली, हार्विल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलेली. मेसन माल्मथ यांनी ती १९८० च्या दशकात पोकर टुर्नामेंटला लावली.

आकड्यांशिवाय हे गळी उतरत नाही, तर घ्या. तिघे उरलेत. सोपं जावं म्हणून एकूण १०० चिप्स धरू : आघाडीवाल्याकडे ५०, मधल्याकडे ३०, छोट्याकडे २०. बक्षिसं ५० लाख, ३० लाख आणि २० लाख. सूत्राने तिघांच्या स्टॅकची आजची किंमत येते ३८.३९ लाख, ३२.७५ लाख आणि २८.८६ लाख. अर्ध्या चिप्स असूनही आघाडीवाल्याच्या नावावर अर्धा पैसा नाही, आणि छोट्याच्या २० चिप्स जवळजवळ २९ लाखांच्या आहेत.

आता आघाडीवाल्याने ऑल-इन टाकलं, निर्णय मधल्याचा. ब्लाइंड हिशेबातून बाजूला ठेवू. फोल्ड केलं तर ३२.७५ लाख. कॉल करून जिंकला तर ६० चिप्स, म्हणजे ४१ लाख. हरला तर तिसरा नंबर आणि २० लाख. सव्वाआठ लाख मिळवायला पावणेतेरा लाख डावावर. त्यामुळे कॉल बरोबरीत सुटायलाच त्याला ६०.७ टक्के वेळा जिंकावं लागतं. कॅश गेममध्ये, जिथे चिप म्हणजे थेट पैसा, याच जागी ५० टक्के पुरले असते. पंजीची जोडी कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध साधारण ६०.३ टक्के जिंकते. म्हणजे समोरचा पत्ते न बघता ऑल-इन टाकतोय असं लेखी दिलं, तरी मधल्याने पंज्या फेकायच्या. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बँकवाले काका दहा मिनिटं कागदावर आकडे मांडत होते. शेवटी मान हलवून म्हणाले, "व्याजाचा दर बदललाय."

त्याच मधल्या माणसासमोर छोट्याने २० चिप्सचं ऑल-इन टाकलं तर? जिंकला तर ४० लाख, हरला तरी १० चिप्स हातात आणि त्यांची किंमत २४.६७ लाख. आता ५२.७ टक्के पुरतात.

माणूस एकच, पत्ते तेच. एका विरुद्ध ६१ टक्के लागतात, दुसऱ्याविरुद्ध ५३. पुढच्या सगळ्या उत्तरांत जी काही वाकडी चाल येईल ती या फटीतूनच आलेली असेल.

म्हणजे मोठा स्टॅक असला की सगळ्यांना चेपत सुटायचं?

सगळ्यांना नाही. वरच्याच उदाहरणात आघाडीवाल्याच्या ऑल-इनला कॉल करायला मधल्याला ६१ टक्के लागतात, छोट्याला साधारण ५७. उलट मधल्याने ऑल-इन टाकलं तर आघाडीवाल्याला कॉलसाठी ५४ पुरतात. सर्वात जास्त अडकलेला माणूस मधला. छोट्याकडे गमवायला कमी आहे, आघाडीवाल्याला एक डाव हरूनही खुर्ची राहते. मधल्याला मात्र सारखं वाटत राहतं की छोटा आधी जाऊ दे.

यातूनच एक उफराटी गोष्ट निघते, जी व्हिडिओत नीट कुणी सांगत नाही. टेबलवर एखादा अगदी मरणासन्न स्टॅक आहे तोवर मधल्यांचे हात बांधलेले असतात. तो गेला की ते मोकळे सुटतात. त्यामुळे आघाडीवाला कधीकधी छोट्याच्या ऑल-इनला, चिप्सच्या हिशेबात बरा असलेला कॉल मुद्दाम सोडतो आणि पुढचे पाच-सात डाव मधल्यांचे ब्लाइंड उचलत राहतो. बाहेरून भित्रेपणा वाटतो.

आणि दोन मोठे स्टॅक बरोबरीचे असतील तर त्यांनी एकमेकांच्या वाटेला जाऊ नये. तिथे दोघंही एकमेकांसाठी ६१ टक्केवाले.

लिंप म्हणजे कच्च्या खेळाडूची खूण, असं शिकलो होतो. मग मोठे लोक लिंप का करतात?

शिकलात तेव्हा बरोबर होतं. मग बिग ब्लाइंड अँटी आली. अँटी म्हणजे ब्लाइंडखेरीज दर डावाला पॉटमध्ये भरायची रक्कम. आता एकटा बिग ब्लाइंडवालाच सगळ्या टेबलची अँटी भरतो, म्हणजे पत्ते वाटायच्या आधी पॉटमध्ये अडीच ब्लाइंड पडलेले असतात. सगळे फोल्ड होऊन डाव स्मॉल ब्लाइंडकडे आला तर त्याने अर्धा ब्लाइंड भरायचा, पॉट होतो तीनचा. सहावा हिस्सा भरून फ्लॉप बघायला मिळतो. असा भाव कोण सोडेल? पत्ते फेकणं महाग आणि दहा-पंधरा ब्लाइंडच्या स्टॅकवर रेझ करून ऑल-इन खाणं त्याहून महाग. लिंप मधला मार्ग.

पण अट अशी की लिंपमध्ये चांगले पत्तेही हवेत. कचरा आला की लिंप आणि एक्का आला की रेझ, असं केलंत तर तिसऱ्या फेरीला समोरचा तुमचे पत्ते वाचून दाखवेल. एक्का-राणी, दश्शीची जोडी यांच्यासह लिंप करायचं, समोरच्याने रेझ केलं की काही वेळा ऑल-इन. दोनदा असं झालं की तुमच्या साध्या लिंपलाही मान मिळू लागतो.

बटणवरून लिंप हा यापेक्षा दुर्मीळ प्रकार. ब्लाइंडमध्ये तुमच्यापेक्षा मोठा, ऑल-इन टाकायला हपापलेला स्टॅक बसला असेल आणि तुमच्याकडे बारा-पंधरा ब्लाइंड असतील तरच विचार करा.

पॉटच्या चौथ्या हिश्श्याची बेट! त्याने कोण घाबरणार?

घाबरवायचं नसतंच. पॉटच्या पाव भागाची बेट पाचात एकदा जरी समोरच्याने पत्ते टाकले तरी स्वतःचा खर्च भरून काढते. अर्ध्या पॉटला हेच प्रमाण तीनात एकदा, पूर्ण पॉटला दोनात एकदा. कॅश गेममध्ये एवढ्या छोट्या बेटला चोख उत्तर असतं, वरून रेझ. फायनल टेबलला ते रेझ कोण करणार? मधल्या स्टॅकने रेझ केलं आणि तुम्ही ऑल-इन टाकलं तर त्याला पुन्हा तोच ६१ टक्क्यांचा प्रश्न. म्हणून तो मुकाट कॉल करतो किंवा सोडतो. समोरच्याचं हत्यार म्यानात आहे हे माहीत असल्यावर मोठी बेट लावायची गरज राहत नाही.

आमच्या बैठकीत मोठ्या बेटचं आकर्षण फार आहे. मला विचाराल तर फायनल टेबलला सर्वात जास्त कमावून देणारी वाकडी चाल हीच, बारकी आणि कंटाळवाणी.

मग पॉटच्या दुप्पट बेट कधी?

समोरच्याकडे सर्वोत्तम हात असूच शकत नाही आणि तुमच्याकडे असू शकतो, तेव्हा. तुम्ही बटणवरून उघडलं, बिग ब्लाइंडने कॉल केला. फ्लॉप इस्पिक राजा, चौकट सत्ती, किलवर दुर्री. तुमची छोटी बेट, त्याचा कॉल. टर्नला बदाम तिर्री, काहीच बदललं नाही. त्याच्याकडे तीन सत्त्या किंवा राजा-सत्ती असते तर बहुतेक वेळा त्याने फ्लॉपलाच रेझ केलं असतं. म्हणजे आता त्याच्याकडे एक राजा, एक सत्ती, मधल्या जोड्या. तुमच्याकडे मात्र एक्क्यांची जोडी, एक्का-राजा, तीन राजे, सगळं शक्य आहे. इथे दुप्पट बेट टाकली की त्याला कॉलसाठी ४० टक्के हवेत, शिवाय रिव्हरला (शेवटच्या पानाला) उरलेला स्टॅक जाणार ही टांगती तलवार, शिवाय आयसीएमचा भार.

ब्लफ म्हणून टाकणार असाल तर ती तीनात दोनदा चालायला हवी. त्यासाठी हातात असं पान ठेवा जे त्याच्या कॉल करणाऱ्या हातांत हवं असतं. सुटा एक्का तुमच्याकडे असेल तर त्याच्याकडे एक्का-राजा असण्याची शक्यता तेवढी कमी.

दोन ठिकाणी हे करू नका. तुमच्यापेक्षा मोठ्या स्टॅकसमोर, कारण डावावर तुमची खुर्ची लागते, त्याची नाही. आणि ज्याला बक्षिसांच्या पायऱ्यांशी देणंघेणं नाही अशा हौशी माणसासमोर. "बघू तरी काय आहे" म्हणत तो सत्तीच्या जोडीवर कॉल करेल, आणि तुम्ही परतीच्या कोकणकन्येत थिवीपासून ठाण्यापर्यंत गणित कसं बरोबर होतं ते सांगत बसाल.

रेझ करणाऱ्याच्या आधीच बेट लावणं, हे तर अडाण्याचं काम ना?

बहुतेक वेळा हो. राजा-राणी-तिर्री अशा फ्लॉपवर ताकद उघडणाऱ्याकडे असते, तिथे आधी बेट लावून काय साधणार? पण फ्लॉप सत्ती-छक्की-पंजी असा आला तर चित्र पालटतं. बिग ब्लाइंडने स्वस्तात कॉल केलेला असतो, त्याच्याकडे नव्वी-अठ्ठी, सत्ती-छक्की, छक्की-पंजी असले पत्ते भरपूर. उघडणाऱ्याकडे मोठे पत्ते. तिथे पॉटच्या पाव ते एक तृतीयांश बेट आधीच लावली की त्याचे एक्का-राजा कात्रीत सापडतात, फुकटात पुढचं पान बघता येत नाही. चार-पाच वेगवेगळ्या हातांनी तीच छोटी बेट लावता आली पाहिजे, नाहीतर मग चेकच बरा.

कॉल करून फ्लॉपला डोळे मिटून ऑल-इन, यात काय अक्कल?

भरपूर आहे. छोट्या स्टॅकची ही सर्वात देखणी चाल, आणि सर्वात कमी समजलेली.

तुम्ही बिग ब्लाइंडवर. अँटी भरून, ब्लाइंड धरून सात ब्लाइंड शिल्लक. एकाने २.२ वर उघडलं, बाकी सगळे बाहेर. लगेच ऑल-इन टाकलंत तर त्याला ४.८ भरून एकूण १५.५ चा पॉट मिळवायचाय, म्हणजे ३१ टक्के हवेत. जवळजवळ कुठलेही दोन पत्ते एवढे जिंकतात, तो कॉल करणारच. त्याऐवजी १.२ भरून नुसता कॉल करा. पॉट ५.९ झाला, तुमच्याकडे ४.८ उरले. फ्लॉप काहीही येवो, पहिली पाळी तुमची, ते ४.८ पुढे सारा. त्याला तेच ४.८ भरून तोच १५.५ चा पॉट. भाव तोच ३१ टक्के. पण आता त्याने तीन पानं पाहिली आहेत, आणि जोडी नसलेला हात फ्लॉपवर तीनात दोनदा हुकतो. हुकलेला एक्का-राजा तुमच्या अठ्ठीच्या जोडीविरुद्ध साधारण चारात एकदाच सावरतो. ३१ हवेत, हातात २५. आता त्याचा फोल्ड बरोबर ठरतो, जो फ्लॉपच्या आधी कधीच बरोबर नव्हता.

पाळी पहिली असेल तरच हे जमतं. स्टॅक दहा-बारा ब्लाइंडपेक्षा मोठा असेल तर फ्लॉपच्या आधीच्या ऑल-इनलाच तो पत्ते टाकू शकतो, मग एवढा द्राविडी प्राणायाम कशाला.

एक चिप मागे ठेवून बाकी सगळं लावतात, तो काय प्रकार?

हा हाय रोलर (प्रचंड प्रवेश फीच्या) टेबलांवरचा अगदी आतला डाव. समजा तुमच्याकडे आठ ब्लाइंड आहेत. ऑल-इनऐवजी तुम्ही एक चिप सोडून सगळं रेझ केलंत. मागून एकाने ऑल-इन टाकलं, दुसऱ्यानेही टाकलं. आता तुम्ही ती एक चिप घेऊन फोल्ड करू शकता. दोघांपैकी एक बाद झाला की तुम्ही एक पायरी वर चढलात. पूर्ण ऑल-इन असता तर ही पळवाट नव्हती. एकाच डावात दोघं बाद झाले तर डावाच्या सुरुवातीला ज्याच्याकडे जास्त चिप्स तो वरच्या नंबरवर, आणि छोटा स्टॅक म्हणून तुम्ही खालीच गेला असता.

अँटी फक्त बिग ब्लाइंडवालाच भरत असल्याने ती एकटी चिप तुमच्यावर ब्लाइंड येईपर्यंत टिकते. म्हणून ब्लाइंड नुकतेच पार झालेत तेव्हा या चालीला जोर असतो. काहींना हे रडीचा डाव वाटतं. मला वाटत नाही. बक्षिसांच्या पायऱ्या आयोजकांनी बांधल्यात, खेळाडू त्या चढतोय.

दिवाळीत तीन पत्तीत ब्लाइंड खेळून मी सगळ्यांना गार करतो. पोकरमध्ये पत्ते न बघता चाल केली तर?

तीन पत्तीत ब्लाइंडवाल्याला निम्म्या भावात चाल मिळते, बघितलेल्याला दुप्पट भरावी लागते. ती सवलत आहे म्हणून ते शहाणपणाचं ठरतं. पोकरमध्ये सवलत शून्य. पत्ते बघा.

अशा चालीत नियमाचा घोटाळा कुठे होतो?

फार ठिकाणी, आणि पैसे गणितापेक्षा इथेच जास्त जातात. टुर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन ही संस्था २००१ पासून नियम एकसारखे करायचा प्रयत्न करते आहे, बहुतेक मोठ्या टुर्नामेंट तेच पाळतात. समोर बेट असताना काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल धरतात, तुमच्या मनात पाचपट रेझ असलं तरी. चिप्स दोन खेपांत पुढे नेल्या तर पहिलीच खेप मोजतात. रेझ किमान मर्यादेच्या निम्म्यापर्यंत पोचलं असेल तर ते पूर्ण करायला लावतात, त्याहून कमी असेल तर कॉल. तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही.

एक बारीक मुद्दा वाकड्या साइझिंगवाल्यांनी पाठच करावा. तुम्ही १०,००० ची बेट लावली, एकाने कॉल केला, तिसऱ्याने १४,००० चं ऑल-इन टाकलं. वाढ ४,००० चीच, पूर्ण रेझ नाही. त्यामुळे तुमच्यापर्यंत पाळी आली की फक्त कॉल किंवा फोल्ड, पुन्हा रेझ करता येणार नाही. "कुणी छोटं ऑल-इन टाकलं की वरून दणका देतो" असा बेत असलेल्यांचा बेत इथेच फसतो. आकडा तोंडाने स्पष्ट सांगा आणि मग चिप्सना हात लावा.

चेहरा, बोलणं, वेळ काढणं यांचा उपयोग?

थोडाच. बेटच्या साइझमध्ये जी माहिती असते तिच्या पावपटही चेहऱ्यात नसते. मोठ्या टेबलांवर वेळेचं घड्याळ असतं, नाटकाला फारशी जागा उरत नाही.

शेवटचे दोघं उरले की काय बदलतं?

आयसीएम संपतो. दुसऱ्याचं बक्षीस दोघांच्याही खिशात आहे, डावावर फक्त फरक. चिप परत चिपेच्या किमतीची होते आणि ५० टक्के म्हणजे ५० टक्के. आतापर्यंत भीतीवर उभ्या असलेल्या सगळ्या चाली इथे लुळ्या पडतात.

२००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमधला तो प्रसिद्ध ब्लफ म्हणूनच मला आयसीएमच्या धड्यात चालत नाही. ८३९ खेळाडूंतून ख्रिस मनीमेकर आणि सॅम फार्हा उरले होते. पहिल्याला २५ लाख डॉलर, दुसऱ्याला १३ लाख. टर्नपर्यंत टेबलवर इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती, म्हणजे फ्लशही जवळ, क्रमही जवळ. रिव्हरला बदाम तिर्री आली, दोन्ही हुकले. त्याने ऑल-इन टाकलं. फार्हाकडे नव्वीची जोडी होती, तीच पुढे होती, आणि त्याने विचार करून ती टाकली. हे बक्षिसाच्या पायरीचं दडपण नव्हे. डावाची गोष्ट फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत सुसंगत होती, म्हणून पटली. वाकडी चाल नव्हतीच ती, सरळ चाल होती, छाती तेवढी मोठी लागली.

शेवटी पैसे वाटून घेतात, ते योग्य का?

आयोजकांनी परवानगी दिली असेल तर अगदी योग्य. लंडनला २०१९ मध्ये साडेदहा लाख पौंड प्रवेशाची ट्रायटन मिलियन झाली. शेवटच्या दोघांनी चिप्सच्या प्रमाणात वाटणी ठरवली, चिप्स तेव्हा ब्रिन केनीकडे जास्त होत्या. पुढे जिंकला आरोन झँग, पण पैसे जास्त घेऊन गेला केनी. वाटणीच्या आधी वाकड्या चालीने जमवलेल्या चिप्सही अशा कामी येतात.

आपले लोक या टेबलांवर पोचतात का?

पोचतात. निपुण जावाने २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीजची दोन ब्रेसलेट (विजेत्याचं मानचिन्ह) मिळवली, त्यातलं एक आदित्य सुशांतबरोबर जोडीने. बेंगळुरूच्या संतोष सुवर्णाने २०२४ मध्ये अडीच लाख डॉलर प्रवेशाचा सुपर हाय रोलर जिंकला, पहिलं बक्षीस ५४ लाख डॉलरच्या वर होतं.

हे सगळं सॉल्व्हरवर (सर्वोत्तम चाल मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर) बघून पाठ करता येईल?

पाठ करून नाही, पण बघावंच लागतं. फ्लॉपच्या आधीच्या आयसीएमसाठी आयसीएमायझर किंवा होल्डम रिसोर्सेस कॅल्क्युलेटर, फ्लॉपनंतरसाठी पायोसॉल्व्हर. उत्तर काय आलं यापेक्षा बक्षिसांचं कोष्टक बदललं की उत्तर किती हलतं ते बघा. पहिलं बक्षीस फुगवून बघा, मग सगळी जवळजवळ समान करून बघा. दुसऱ्या वेळी चांगले चांगले हात फोल्डमध्ये गेलेले दिसतील.

टेबलवर बसून मात्र नाही. २०२४ च्या मेन इव्हेंटच्या फायनल टेबलला विजेत्याच्या साथीदारांकडे प्रेक्षकांत लॅपटॉप उघडा दिसला, त्यावरून मोठा वाद झाला आणि पुढच्या वर्षी इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे नियम कडक झाले.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत पैसे लावून हे खेळता येईल?

हा कायदेशीर सल्ला नाही, पण उत्तर साधारण नाही असंच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे व्यवहार हाताळणं यावर बंदी आली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. त्यात कौशल्याचा की नशिबाचा हा भेदच ठेवलेला नाही. प्रत्यक्ष टेबलसाठी आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का यावर न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बसत नाही म्हटलं. महाराष्ट्रात कॅसिनोसाठी १९७६ चा कायदा कागदावर होता, तोही २०२३ मध्ये रद्द झाला. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पॉटमधून कट काढून टेबल चालवायचा विचार असेल तर सोडून द्या.

राहतो गोवा, मांडवीतली कॅसिनोची जहाजं. तिथे जिंकलात तर पत्त्यांच्या खेळातल्या कमाईवर सरसकट ३० टक्के कर आणि वर सेस, प्रवेश फी किंवा प्रवासाचा खर्च वजा होत नाही. हरलेले परत मिळवायलाच हवेत अशी ओढ लागली असेल तर टेबलपासून लांब राहा आणि घरी कुणाला तरी सांगा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोनही आहे.

पैशांशिवाय याचा सराव कसा होणार? कुणी घाबरणारच नाही.

आम्ही असं करतो. टुर्नामेंट सुरुवातीपासून खेळतच नाही, थेट पाच जणांच्या फायनल टेबलने सुरू करतो. स्टॅक वाटलेले : ४०, २५, १८, १२ आणि ५ ब्लाइंड. गुणांचं कोष्टक भिंतीवर चिकटवलेलं : ४०, २५, १७, ११, ७. कुणाला कुठला स्टॅक ते चिठ्ठी काढून. गुण महिनाभर जमतात आणि शेवटच्या रविवारी ज्याचे सर्वात कमी तो मामलेदारची मिसळ खिलवतो. दुसऱ्या आठवड्यापासून १८ ब्लाइंडवाला पंजीची जोडी आपोआप फेकायला लागतो. मग एखादी वाकडी चाल झाली की डाव तिथेच थांबवून खेळणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, समोरच्याला कॉलसाठी किती टक्के हवेत? आकडा सांगता आला तर डाव पुढे चालू. नाही आला तर एक गुण कापायचा, डाव जिंकला असला तरी.